जाळीला बोट लावणारे आबा

दर शनिवारी सकाळी साडेनऊला एक माणूस आमच्या घरी येतो, चपला काढतो, सरळ स्वयंपाकघरात जातो, शेगडीवरच्या चिमणीच्या जाळीला बोट लावतो आणि ते बोट नाकाशी धरतो. पहिल्यांदा हे घडलं तेव्हा मी हातात पेपर घेऊन तसाच खिळून राहिलो. चोर असता तर ओरडता तरी आलं असतं. पण हे आमच्याच मजल्यावरचे बबन आबा होते, सत्तरी ओलांडलेले, डोक्यावर पांढरी टोपी. अशा माणसाला घराबाहेर कसं काढतात हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

"पंधरा दिस वर झालं," आबा म्हणाले. "काढा जाळी."

वराळ्यातली आमची इमारत आबांच्याच भातखाचरावर उभी आहे. त्यांनी बिल्डरला जमीन दिली, बदल्यात त्यांना चौथ्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. त्यामुळे हे अजून आपलंच शेत आहे आणि आम्ही सगळे त्यात आपोआप उगवलोय, अशा नजरेनं ते आमच्याकडे बघतात. बांधावरून फेरी मारावी तसे एकेक मजला फिरतात. शनिवार आमच्या मजल्याचा.

मी त्यांना समजावलं की चिमणी साफ करायला कंपनीचा माणूस सहा महिन्यांनी येतो, पुस्तिकेत तसंच लिहिलंय. आबांनी पुस्तिकेकडे ढुंकूनही बघितलं नाही. महिने काय मोजता, फोडण्या मोजा, असं त्यांचं म्हणणं. रोज दोन्ही वेळा फोडणी पडत असेल तर जाळी पंधरा दिवसांनी निघालीच पाहिजे. घरात तळणाची आवड असेल तर आठ दिवसांनी. कढत पाणी, धुण्याचा सोडा आणि जुना दातांचा ब्रश. कंपनीवाल्यानं सहा महिन्यांनी यावं ते फक्त आतला पंखा उघडायला.

हे सगळं सांगून झाल्यावर त्यांचा ठरलेला प्रश्न येतो. "हितं उभं कोन ऱ्हातं?"

मी म्हटलं, बायको.

"मंग तुमी कशाला बोलताय?"

सुजाता मागे उभी राहून मनसोक्त हसली. तेव्हापासून आबा तिच्या पक्षाचे.

त्या बोटानं माझा एकदा घात केला. श्रावण होता. सुजाता दोन दिवस माहेरी गेली होती आणि मला काय दुर्बुद्धी झाली, मी सुके बोंबील तळले. खिडक्या उघडल्या, उदबत्त्या लावल्या, भांडी दोनदा घासली. शनिवारी आबा आले, बोट नाकाशी धरलं आणि सुजातासमोर शांतपणे म्हणाले की बोंबील हाय, तीन-चार दिसामागचा. पुढचा आठवडाभर घरात माझ्याशी फक्त कामापुरतं बोलणं झालं.

सोसायटीच्या सभेत तर त्यांनी कहर केला. लिफ्टवर चर्चा चालू असताना सेक्रेटरींच्या घरची तेलकट जाळी सगळ्यांसमोर टेबलावर आणून ठेवली. सेक्रेटरींना आपल्या घरातून ती कधी निघाली याचा पत्ता नव्हता. ती दिली होती त्यांच्याच बायकोनं.

एवढं सगळ्यांच्या घरात शिरणारा माणूस, पण स्वतःच्या घरात कुणाला घेत नसे. दार वीतभर उघडून बाहेर येई, पाठीमागे ओढून घेई. आबा एकटेच राहतात, असा आमचा सगळ्यांचा समज होता.

गेल्या महिन्यात एका शनिवारी साडेनऊ वाजून गेले, दहा वाजले, आबा आले नाहीत. सुजातानं मला बघायला पाठवलं. त्यांचं दार सताड उघडं होतं आणि आतून मिरच्यांचा तिखट धूर असा आला की मला दारातच ठसका लागला.

आत खुर्चीत एक म्हातारी बाई होती. नाकाला नळी, शेजारी घरघरणारं ऑक्सिजनचं मशीन. खोकून खोकून तिचा चेहरा काळानिळा पडला होता आणि आबा हातातल्या सुपानं तिला वारा घालत होते. मी हबकलो. तीन वर्षं आम्ही एका मजल्यावर राहतो आणि आबांच्या घरात त्यांची बायको, या मावशी, आहेत हे मला माहीत नव्हतं.

मी गॅलरीचं दार उघडलं, टेबलफॅन ओढून आणला. पंधरा-वीस मिनिटांनी त्यांचा श्वास जागेवर आला. मग आबा म्हणाले, तिनं ठेचा मागितला, मी मिरच्या तव्यावर टाकल्या आणि आज नेमकी चिमणीची मोटार बंद पडली. स्वयंपाक आता तेच करतात. वर बघितलं तर जाळी आरशासारखी लखलखत होती.

खाली बसून त्यांनी मला सांगितलं ते असं. त्यांचं जुनं घर कौलारू. पावसाळ्यात चार-चार महिने ओली लाकडं, चुलीचा धूर घरातच कोंडायचा. मावशी दर वर्षी म्हणायच्या, चुलीवरची दोन कौलं उचला, धूर जाऊ द्या. आबा ऐकायचे नाहीत. धुरानं वाशांना कीड लागत नाही. वर टांगलेली बियाण्याची कणसं, काकडी-दोडक्याचं बी, सगळं धुरावरच टिकतं. अशी चाळीस वर्षं गेली.

"दवाखान्यात डाक्टरनं मला इचारलं, बाई विडी वडती का," आबा म्हणाले. "म्या काय सांगू? दोन कौलं व्हती वो. दोनच."

मला धक्काच बसला. रोज माणसं हसवणारा हा म्हातारा दारोदार कशासाठी फिरत होता, ते मला त्या क्षणी कळलं आणि माझी मलाच लाज वाटली.

मावशींनी नाकाची नळी जरा बाजूला केली. दम घेत घेत, नवऱ्याची समजूत काढावी तशा म्हणाल्या, "बी मातुर आपलं कंदी किडलं न्हाई. सारा गाव मागाया यायचा."

आबांनी ती नळी पुन्हा मावशींच्या नाकाशी नीट बसवली आणि सूप उचलून त्यांना वारा घालू लागले.