शुभेच्छुकांसह उंची

मुरबाडच्या पुढे, सिद्धगडाच्या बाजूला, नव्या धावपट्टीच्या टोकापलीकडे मोजणीच्या दिवशी पुढील गोष्टी होत्या: भाताची खाचरे सतरा, विजेचे खांब शून्य, म्हशी चार (बसलेल्या) आणि बाईजाच्या मालकीचा मोह एक. धावपट्टी बाराशे मीटर. मोह टोकापासून सातशे मीटरवर. उंची सोळा मीटर.

नियम असा, की टोकापासून दर पन्नास मीटरला एक मीटर उंची माफ. म्हणजे मोहाला चौदा मीटर मंजूर होते. वरचे दोन मीटर हे आकाशातले अतिक्रमण होते.

"सर, झाड तोडायला नको," मोजणी करणारी अपेक्षा म्हणाली. "धावपट्टी शंभर मीटर आधीच संपते असं जाहीर करू. अकराशे उरतात. आपल्या विमानाला नऊशे पुरतात."

"उद्घाटनाच्या पत्रिकेत बाराशे छापलंय," धावपट्टीचे प्रमुख रवींद्र साहेब म्हणाले.

नोटीस मोहाच्या खोडावर खिळ्याने ठोकण्यात आली. झाडाने मुदतीत खुलासा सादर केला नाही.

दरम्यान उद्घाटनासाठी टोकापलीकडे साठ मीटरवर स्वागत कमान उभी राहिली. मूळ उंची सहा मीटर. पण शुभेच्छुक वाढत गेले, तशा फोटोंच्या रांगा चढत गेल्या. खालच्या रांगेत यायला कोणी तयार होईना. शेवटी कमान चोवीस मीटर भरली.

"सर, इथे एक मीटर वीस सेंटिमीटरच माफ आहे."

"अडथळा म्हणजे जो हटवता येतो तो," साहेबांनी समजावले. "कमान हटवता येत नाही. म्हणजे ती अडथळा नाही."

बाईजा पुतण्याकडे गेली. "अनंता, त्या मोहाच्या बियांवर माजं वरीसभराचं त्याल निगतं रे. तुमी पोरांनी एक अर्ज तरी करा."

"केला असता गो काकी. पन वरून दुसऱ्या रांगेत माजा फोटो हाय."

"माज्या मोहावर कोनाचा फोटू नाय, येवढाच त्याचा गुन्हा?"

अनंताने कमानीकडे पाहिले. फोटो चांगला आला होता.

मोह मंगळवारी पडला. बुधवारी उद्घाटनाला आपण सगळे होतोच. कमानीखाली मान वर करून प्रत्येकाने आधी स्वतःला शोधले.

गुरुवारी वैमानिकाने विचारले, "उड्डाणासाठी घोषित अंतर किती?"

"झाड गेलं, आता पूर्ण बाराशे लिहा," साहेब म्हणाले.

अपेक्षाने पुन्हा मोजले. नियमाप्रमाणे चोवीस मीटर उंच कमानीच्या अलीकडे बाराशे मीटर मोकळे सोडावे लागत होते. धावपट्टीच्या सुरुवातीपासून कमान बाराशे साठ मीटरवर होती.

घोषित अंतर: साठ मीटर.