छर्रे जसेच्या तसे

छर्रा ही वस्तू संपते की टिकते, हा प्रश्न नेमबाजी केंद्राच्या भांडारपालांना पडला तेव्हा त्यांच्या मनात कोणाचंही वाईट नव्हतं. ते पापभीरू गृहस्थ होते. मुख्य कार्यालयाची तपासणी तोंडावर आली होती आणि भांडारातली प्रत्येक वस्तू दोनपैकी एका सदरात बसवायची होती: खर्चाची किंवा टिकाऊ. साबण खर्चाचा, शाई खर्चाची. बंदुका टिकाऊ. कॅनव्हासची ती ताठ जाकिटं टिकाऊ, आणि जे घातले की माणूस बदकासारखा चालतो ते बूटही टिकाऊ. राहता राहिले हवेच्या बंदुकीत घालायचे शिशाचे, मधोमध कंबर आवळलेले छर्रे. भांडारपालांनी त्यातला एक तळहातावर घेतला, नखाने टोकरला, नाकाशी नेला. तो विरघळत नव्हता, उडून जात नव्हता, नासतही नव्हता. धातू होता, आणि धातू टिकतो. त्यांनी छर्रे टिकाऊ सदरात टाकले आणि हातपाय धुऊन जेवायला गेले.

तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने चष्मा पुसून विचारलं, "मागच्या वर्षीचे छर्रे दिसत नाहीत. कुठे गेले?"

"मारले, साहेब."

"कोणाला?"

"नेमाच्या कार्डाला."

"कार्डाने काय केलं होतं?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत भांडारपालांनी या बाजूने कधी विचारच केला नव्हता. अधिकाऱ्याने शेरा दिला: टिकाऊ वस्तू वापरानंतर मूळ स्थितीत जमा करून घ्याव्यात, तसं न करणाऱ्यास नवीन वस्तू देऊ नये.

सिस्टर दुसऱ्याच दिवशी या शेऱ्याच्या तावडीत सापडली.

ती इस्पितळात नर्स होती आणि केंद्रावरही तिला सगळे सिस्टरच म्हणत. तिचा हात असा हलका, की इंजेक्शन देऊन झाल्यावर मुलं विचारत, "कधी टोचणार?" तोच हात इथे चाले. दहा मीटरवरच्या कार्डावर काळं वर्तुळ आणि त्याच्या मधोमध पूर्णविरामाएवढा पांढरा ठिपका असतो. सिस्टर त्या ठिपक्यातून छर्रा पाठवी, आणि पुढचा छर्रा त्याच भोकातून. परदेशातल्या मोठ्या स्पर्धेसाठी यंदा एक बाई आणि एक पुरुष अशी जोडी निवडली जाणार होती आणि सिस्टरला जायचं होतं. जायचं ते यंदाच. इस्पितळातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला बजावलं होतं, "चाळिशी लागायला आलीय तुम्हाला. बंदुकीच्या टोकावरचं नेम धरायचं ते कडं या वर्षी दिसेल. पुढच्या वर्षी ते कडं आहे की माशी बसलीय, ते तुम्हीच मला येऊन सांगा."

तर त्या संध्याकाळी सराव संपवून सिस्टरने कार्डामागच्या लोखंडी पेटीतून आपले छर्रे वेचले आणि भांडाराच्या खिडकीत ठेवले.

"हे काय?" भांडारपालांनी विचारलं.

"छर्रे. परत मागितलेत ना?"

"मी दिले तेव्हा यांना कंबर होती."

"काका, दहा मीटर जाऊन लोखंडावर आदळलेत ते!"

"कोणी पाठवलं त्यांना?"

सिस्टरने छर्रे खिडकीत आणखी पुढे सरकवले.

"तुम्हाला दोष देत नाही," भांडारपाल मऊ आवाजात म्हणाले. "पण तुम्ही मला इस्पितळातला थर्मामीटर दिलात आणि मी तो असा चपटा करून परत आणला, तर?"

"थर्मामीटर मारायची वस्तू नाही."

"तेच तर मी छर्ऱ्यांबद्दल म्हणतोय."

केंद्रावर हळूहळू शांतता पसरली. एका होतकरू खेळाडूने आपले चपटे छर्रे घरी नेऊन पक्कडीने दाबून पुन्हा गोलसर केले. ते बंदुकीत जाईनात, पण भांडारात गेले. त्याचं कौतुक झालं. बाकीच्यांनी खिडकीवर भांडून पाहिलं, मग विनवून पाहिलं, आणि शेवटी छर्रे घ्यायचे, समोर ठेवायचे आणि तसेच परत करायचे, यावर सगळे स्थिरावले.

कोच सरांनी या परिस्थितीला शास्त्र शोधून दिलं. त्यांचा करार दर वर्षी नव्याने होत असे, त्यामुळे त्यांना शास्त्र पटकन सापडायचं. "कोरडा सराव!" ते म्हणाले. "रिकाम्या बंदुकीने उभं राहायचं, नेम धरायचा, चाप ओढायचा. नुसती टक. जगातले मोठमोठे नेमबाज हाच सराव जास्त करतात." हे खरंच होतं. खोटी गोष्ट कोणी मानली नसती.

त्या दिवसापासून केंद्रात नुसती टक, टक, टक ऐकू येऊ लागली. कोच सर पाठीशी हात बांधून मागून फिरत आणि म्हणत, "वा! दहा!" किंवा "नऊ गेला. खांदा."

"सर, छर्रा नाही, भोक नाही. दहा कसे कळले?" सिस्टरने एकदा विचारलं.

"चेहऱ्यावरून."

"माझा चेहरा तुमच्याकडे नव्हता."

"सिस्टर, श्रद्धा नसेल तर कोच काय करणार?"

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण छर्रे टिकाऊ झाल्यावर कार्डांनी काय पाप केलं होतं? भांडारपालांनी जुनी कार्डं काढून तपासली आणि त्यांना धक्का बसला. सिस्टरचं प्रत्येक कार्ड फाटलेलं होतं, आणि तेही नेमकं मधोमध, जिथे कार्ड सगळ्यात महत्त्वाचं असतं तिथे. उलट विमावाल्यांची कार्डं कोरी करकरीत होती.

हे विमावाले म्हणजे एक विमा एजंट. डॉक्टरांनी रक्तदाबासाठी काहीतरी छंद लावून घ्या म्हटल्यामुळे ते केंद्रात येत. त्यांचे छर्रे आजवर छताला लागले होते, भिंतीला लागले होते, शेजारच्याच्या कार्डाला लागले होते. स्वतःच्या कार्डाला लागल्याची आठवण कोणाला नव्हती. मात्र ते उभे फार सुंदर राहत. पुतळ्यासारखे. कोरडा सराव सुरू झाल्यापासून तर त्यांना कोणाची सर नव्हती. केंद्राच्या वार्षिक सभेत साहित्याची सर्वोत्तम जपणूक केल्याबद्दल त्यांचा सत्कार झाला. उत्तरादाखल ते म्हणाले, "नुकसान झाल्यावर धावणारे पुष्कळ असतात. मी होऊच देत नाही."

निवड चाचणीची सूचना लागली. छर्ऱ्यांचा डबा शेजारी सीलबंद ठेवायचा, नेम धरायचा, चाप ओढायचा. गुण तीन गोष्टींना: पवित्रा, मनःशांती आणि डबा.

"मी नाही जात," सिस्टरने घरी सांगितलं. "ही काय नेमबाजी आहे? सुई हवेत टोचून कोणाचा ताप उतरलाय?"

"अगं, पण जाऊ दे ना," आई म्हणाली. "हो म्हण त्यांच्या हो ला. आधी नाव तर लागू दे यादीत. एकदा तिथे पोचलीस की कोण अडवणार आहे तुला? मार हवे तेवढे."

"आणि तोवर?"

"तोवर टकटक कर. तुझ्या बापाशी संसार केला मी. टकटक काय मला शिकवतेस?"

आईचं म्हणणं व्यवहारी होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांचंही सिस्टरच्या कानात घुमत होतं. ती चाचणीला गेली, डबा शेजारी ठेवला आणि उभी राहिली. चाप आधी मोकळा येतो, मग एका अदृश्य भिंतीला टेकतो. ती भिंत ओलांडली की छर्रा सुटतो. सिस्टर भिंत ओलांडत होती आणि काहीच सुटत नव्हतं. टक. परीक्षक मान हलवत होते. टक. बायकांत तिचा पहिला नंबर आला. पुरुषांत विमावाल्यांचा, कारण त्यांनी चापही ओढला नाही. चापाची झीज होते, असं त्यांचं मत होतं, आणि ते परीक्षकांना अंतर्मुख करून गेलं.

स्पर्धेपर्यंतचे महिने सिस्टरने रोज कोरडा सराव केला. कर्तव्य म्हणून, आणि पुढे सवय म्हणून. मनातल्या मनात ती म्हणायची, तिथे गेल्यावर बघा.

संघाबरोबर व्यवस्थापक म्हणून भांडारपाल गेले. छर्रे कोणाच्या भरवशावर सोडायचे, हा प्रश्न होता. त्यांनी दोन्ही डबे कापसात गुंडाळून मांडीवर धरले आणि सगळ्या प्रवासात पाणीसुद्धा एका हाताने प्यायले.

स्पर्धेचा हॉल मोठा, उजळ आणि थंड होता. इथे कागदी कार्डं नव्हती. छर्रा लागला की समोरच्या पडद्यावर आकडा उमटे. शिट्टी झाली आणि दोन्ही बाजूंनी छर्रे सुटू लागले. तो आवाज सिस्टरने कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता. तिच्या अंगावर काटा आला. शेजारच्या जागेवर विमावाले पवित्र्यात उभे राहिले आणि तसेच राहिले.

बराच वेळ गेल्यावर पंच त्यांच्यापाशी आले. "बंदुकीत काही बिघाड?"

"होऊ नये म्हणूनच," मागून भांडारपाल नम्रपणे म्हणाले.

सिस्टरने डबा उघडला. छर्रे ओळीने बसले होते, चकचकीत, कमरेसकट. तिने एक उचलला, बंदुकीत सरकवला आणि गाल लाकडाला टेकवला. टोकाचं कडं स्वच्छ दिसत होतं. कड्यात काळं वर्तुळ आलं, स्थिरावलं. तिने चाप ओढला. चाप भिंतीला टेकला, आणि बोट थांबलं.

तिने बंदूक खाली घेतली, श्वास घेतला, पुन्हा उचलली. पुन्हा बोट भिंतीशी थांबलं. हात कापत नव्हता. उलट इतका शहाणा हात तिने आयुष्यात पाहिला नव्हता. तो म्हणत होता, कशाला? चांगला आहे ना अजून?

"सिस्टर," मागून भांडारपाल कुजबुजले, "आत घातलाय तो तसाच काढता येईल ना? ओरखडा न येता?"

ते हे बोलले नसते तर काय झालं असतं, सांगता येत नाही. सिस्टरने दात आवळले आणि एखाद्या रडणाऱ्या मुलाला इंजेक्शन द्यावं तशी, दुसरीकडे लक्ष नसल्यासारखं करून, भिंत ओलांडली.

पडद्यावर दहा पूर्णांक नऊ उमटले. याच्यावर या खेळात आकडा नाही. छर्रा ठिपक्याच्या मधोमध गेला होता. आजूबाजूचे प्रेक्षक मान वळवून बघू लागले, कोणीतरी टाळी वाजवली. सिस्टरच्या छातीत काहीतरी मोकळं झालं. ती हसली. हसत हसतच तिने दुसरा छर्रा घ्यायला हात डब्याकडे नेला.

हाताने झाकण लावलं.

तिने ते उघडलं. हाताने पुन्हा लावलं, आणि वरून नीट दाबून पाहिलं. शेवटची शिट्टी होईपर्यंत ती डब्यावर हात ठेवून तिथेच उभी होती.

त्यांची जोडी शेवटची आली. केंद्रावर जंगी स्वागत झालं. प्रमुख पाहुण्यांनी विमावाल्यांना पुष्पगुच्छ दिला आणि फोटो झाल्यावर भांडारपालांनी तो परत घेतला. "यशापयश बाजूला ठेवू," प्रमुख पाहुणे म्हणाले, "पण इतक्या दूर जाऊन सगळं साहित्य सुखरूप परत आणणं, याला संस्कार लागतात." मग त्यांचा आवाज उतरला. "एकच छर्रा कमी आहे."

सभागृहात सगळ्यांनी सिस्टरकडे वळून पाहिलं.

चौकशी झाली. सिस्टरने सांगितलं, तो दहा पूर्णांक नऊ होता. समितीने नोंद घेतली की आरोप मान्य आहे. छर्रा मूळ स्थितीत जमा करेपर्यंत तिला केंद्रात प्रवेश बंद झाला. तो छर्रा परक्या देशातल्या कुठल्याशा पेटीत चपटा होऊन पडला होता. चौकशीतच वर्ष सरलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे सिस्टरला चाळिशी लागली, आणि आता औषधाच्या बाटल्यांवरची अक्षरं ती हात लांब करून वाचते.

"मला एक कळत नाही," आई अजूनही म्हणते. "मारलास ना एक? मग बाकीचे का नाही मारलेस? डबा तुझ्या हातात, बंदूक तुझ्या हातात, अडवायला कोणी नाही. मी असते तर सगळा डबा रिकामा केला असता!" हे म्हणताना ती टवका उडालेल्या कपात चहा ओतत असते. तिच्या पाठीमागच्या काचेच्या कपाटात सोनेरी काठांचे सहा कप आहेत. ते लग्नात आले होते. आईच्या.

सिस्टर कपाटाकडे बघते. चहा पिते.

वाचकांनाही आईसारखाच प्रश्न पडला असेल: बाकीचे का नाही मारले? प्रश्न रास्त आहे आणि सिस्टर त्याचं उत्तर द्यायला तयार आहे. मात्र विचारणाऱ्यांनी आधी आपल्या घरी जाऊन टीव्हीच्या रिमोटवरचं प्लास्टिक काढून यावं.

ती थांबेल. तिला आता कुठे जायचं नाही.