पहिलं डिकॉक्शन आणि नयनाचे तीन नियम

"मामा, एवढंच? मग यासाठी पुण्याहून बेंगळूरला कशाला यायला हवं?" नयनाने विचारलं.

अरविंदमामाने चष्मा काढून पुसला. मनाच्या दुखण्यांवर उपचार शिकवणाऱ्या संस्थेत तो शिकायला आला होता आणि बसवनगुडीला बहिणीकडे, म्हणजे नयनाच्या घरी, राहत होता. चूक त्याचीच. भाचीने सहज विचारलं आणि त्याने पोहे खाता खाता काउन्सेलिंगचे तीन नियम सांगून टाकले. सल्ला द्यायचा नाही, समोरच्याचंच म्हणणं त्याला परत ऐकवायचं. ऐकलेलं कुणाला सांगायचं नाही. आणि समोरचा गप्प बसला, तर आपणही गप्प बसायचं. शेवटी तोच बोलतो.

"एवढंच नाही ग," मामा घाईघाईने म्हणाला. "माणसं निरनिराळ्या रीतींची असतात. कुठल्या घरात कुठल्या बोलण्याचा काय अर्थ घेतात, ते आधी..."

पण नयना तोवर बाहेरच्या कट्ट्यावर पोचलीसुद्धा. शाळेत वक्तृत्वाची ढाल मिळाल्यापासून तिला अर्ध्या वाक्यात सगळं कळायला लागलं होतं.

कट्ट्यावर घरमालकीण गोदूबाई बसल्या होत्या. यांचं घराणं इतक्या पिढ्या इथे मुरलेलं, की पुणं म्हणजे त्यांना एखाद्या लांबच्या नातेवाइकाचं नाव वाटे.

"काय सांगू ग नयना!" त्या म्हणाल्या. "कॉफीचा अर्क कसा दाट हवा! आमच्याकडचं डिकॉक्शन म्हणजे नुसतं पाणी! विमला रात्री फिल्टरमध्ये कॉफीची पूड घालते, की पुडीची नुसती आठवण काढते, देवाला ठाऊक. पूजेआधी मी थेंब घेत नाही, तुला माहीत आहे की. पूजा करून उठावं, तर हातात हे!"

नयनाने मामासारखी हनुवटीला दोन बोटं लावली. "म्हणजे गोदूअक्का, तुम्हाला वाटतंय की वहिनी मुद्दाम पूड कमी घालते."

"मुद्दाम! बरोब्बर! मला शब्दच सुचत नव्हता बघ!"

गोदूबाई तरातरा आत गेल्या. पाठोपाठ आवाज आला, "मुद्दाम करतेस तू! मी नाही, शिकलेली मुलगी म्हणते!"

दुपारी सून आली. विमलाचा चेहरा लाल झाला होता. "अक्का स्वतः स्वस्तातली पूड आणतात, अर्धी चिकोरी. वर मलाच बोलतात. सुनेने त्याच पुडीवर पुन्हा पाणी ओतून दुसरं डिकॉक्शन घ्यायचं ही यांची रीत, घेते बापडी. पण दुसरं म्हणजे किती दुसरं!"

"म्हणजे वहिनी, तुम्हाला वाटतंय की अक्का तुम्हाला या घरची समजतच नाहीत."

विमलाने डोळ्यांना पदर लावला. "कुणीतरी बोललं एकदाचं!"

संध्याकाळी मधल्या भिंतीपलीकडून ऐकू आलं, "नयनासुद्धा म्हणते, मला या घरात किंमत नाही!"

आता या घरात तुमचं म्हणणं दुसऱ्याने उच्चारलं, की तो तुमचा साक्षीदार झाला. नयना एकाच खटल्यात दोन्ही बाजूंची साक्षीदार झाली होती आणि तिला वाटत होतं, पद्धत काय मस्त लागू पडतेय! दोघीही रोज येत होत्या, रोज हलक्या होऊन जात होत्या. फक्त परत जाताना जास्त जोरात जात होत्या.

शेवटी विमलाचा नवरा गुरुराज, जो कारखान्यात इंजिनिअर होता आणि घरात तोंड उघडत नसे, त्याने तोंड उघडलं. "जयनगरला भाड्याने घर बघितलंय. रविवारी सामान हलवतो."

"त्या रानात? तिथे अजून कोल्हे ओरडतात म्हणे!" गोदूबाई एवढंच म्हणाल्या. मग नयनाने त्यांना पितळी लोटे पदराने पुसताना पाहिलं. तीनांतले दोन त्यांनी फळीवर उपडे ठेवले. "सरी, बरं. आता एकटीपुरतीच कॉफी," त्या लोट्यांना म्हणाल्या.

नयनाला पहिल्यांदाच शंका आली. ही पद्धत घर जोडायला होती ना?

शनिवारी गोदूबाईंचे यजमान भीमाचार्य कट्ट्यावर आले. रक्तदाबापायी डॉक्टरांनी त्यांची कॉफी कायमची बंद केली होती. इकडेतिकडे बघत ते म्हणाले, "तुझ्याकडे सांगितलेलं बाहेर जात नाही म्हणे?"

"कध्धीच नाही, आजोबा."

"पहिलं डिकॉक्शन मी पितो. सगळ्यांच्या आधी उठून. मग फिल्टरमध्ये वरून कढत पाणी ओततो. खाली तेवढंच दिसतं."

"म्हणजे आजोबा, तुम्हाला वाटतंय..." नयनाचं वाक्य पहिल्यांदाच अडलं.

"मला वाटतंय, एका लोट्याने असं काय होतंय! पण आमच्या हिच्यापुढे सांगायची छाती होत नाही ग."

नयना धावत मामाकडे गेली. "मामा, गुन्हेगाराने कबुली दिली आणि निरपराध माणसं घर सोडून निघाली, तर?"

मामाच्या हातातला चहा सांडला. "कसला गुन्हा? कोण गुन्हेगार?"

"ते कसं सांगू? दुसरा नियम!"

"मग मी काय करू?"

"काही नको. तिसरा नियम उरलाय," म्हणत नयना निघाली. ढाल काय उगाच मिळत नाही.

रविवारी दारात शिवाप्पाची बैलगाडी उभी राहिली. ट्रंका बाहेर आल्या. नयनाने सगळ्यांना कट्ट्यावर बसवलं. "जाण्याआधी एकच विचारते. डिकॉक्शन पातळ का होतं?" आणि तिने तोंड मिटून घेतलं.

कुणीच बोलेना. बैलाने घंटा हलवली. भीमाचार्य आढ्याकडे बघत होते. नयना भीमाचार्यांकडे बघत होती, डोळ्याची पापणी न लववता. पण त्यांना खेटून गोदूबाई बसल्या होत्या, आणि ती नजर आपल्यावरच आहे असं गोदूबाईंना वाटलं.

"अशी बघू नकोस ग!" त्या एकदम ओरडल्या. "घेते! पूजेआधी घेते! स्वल्प! डोकं दुखतं माझं! आणि मग पाणी ओतून ठेवते!"

नयनाने आ वासला. हे तिलाही ठाऊक नव्हतं.

"अक्का, तुम्हीपण?" विमला किंचाळली आणि तिने जीभ चावली.

"पण म्हणजे?"

"तुम्ही पूजेला बसलात की... एकदा तरी पहिलं प्यावं म्हणून... मीही पाणी ओतते."

"पहिलं कुठलं, तिसरं!" भीमाचार्यांच्या तोंडून निसटलं. "पहिलं तर मी..."

"अहो!" सासू-सून एका सुरात ओरडल्या. लग्न झाल्यापासून त्या दोघी पहिल्यांदाच एका बाजूला होत्या. आधी विमलाला हसू फुटलं, मग गोदूबाईंना. हसता हसता त्यांनी सुनेच्या खांद्यावर डोकं टेकलं.

"म्हणजे मला चौथं पाणी?" गुरुराज म्हणाला.

"लेकरा!" गोदूबाईंनी त्याची अलाबला घेतली. "उद्यापासून पहिलं डिकॉक्शन तुझं! ए शिवाप्पा, ट्रंका आत घे!"

मामाला सगळ्या गल्लीकडून बातमी कळली. "हे जमलं कसं तुला?" त्याने विचारलं.

"पद्धत आहे मामा, शिकवीन तुला," नयना म्हणाली.

सोमवारी कारखान्याला जाताना गुरुराज कट्ट्याशी थबकला. छातीवर हात चोळत, आवाज अगदी खाली आणून म्हणाला, "नयना, तुझ्याकडे सांगितलेलं बाहेर जात नाही ना?"

"कध्धीच नाही, दादा."

"ते पहिलं डिकॉक्शन कडूजहर असतं ग. छातीत नुसती आग. मला माझं ते चौथंच आवडायचं. आता अक्का समोर बसून पाजते, नाही कसं म्हणू?" त्याने मागे वळून दाराकडे पाहिलं. "उद्यापासून वडिलांच्याही आधी उठून फिल्टरमध्ये पाणी ओतावं म्हणतोय."

नयनाने दोन बोटं हनुवटीला लावली आणि कट्ट्यावर जरा सरकून जागा केली.