मायक्रॉन आणि बंद मशीन

टूलरूमच्या कारकुनाने एका सुट्टीच्या सकाळी ठरवलं, की आपणही एक मापयंत्र बनवायचं.

बारीक मापाची हत्यारं कुणी नेली, कधी परत आणली, हे वहीत लिहिण्यात त्याची एकोणीस वर्षं गेली होती. (हात लावायची परवानगी फक्त वहीला.) मिलिमीटरच्या शंभराव्या भागाबद्दल तो इतक्या जिव्हाळ्याने बोलायचा, की फिटर मंडळींनी त्याचं नाव मायक्रॉन ठेवलं होतं. चिडवायला ठेवलं होतं. त्याला मात्र ते मनापासून आवडायचं.

त्याचा नियम एकच, नवं काही विकत आणायचं नाही. बैठक बंद पडलेल्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कची, खांब मोडक्या प्रिंटरच्या दांडीचा, काट्याची तबकडी कारखान्याच्या भंगारातून रीतसर मागून आणलेली. घोडं अडलं ते एकाच ठिकाणी. खाली-वर सरकणारी पण तसूभरही न डुगडुगणारी बारीक पोलादी दांडी मिळेना. शोधता शोधता नजर कोपऱ्यातल्या शिलाई मशीनवर गेली. सुई धरणारी दांडी म्हणजे अगदी हवी तशीच.

ते मशीन मागच्या महिन्यात बिघडलं होतं, एवढं त्याच्या कानावर होतं. दुरुस्त झाल्याचं कानापर्यंत पोचलं नव्हतं. (आठवडाभर त्याच मशीनची खडखड चालली होती, तीही नाही.)

"अगं, हे मशीन बंद आहे ना?" त्याने स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं.

"हो, बंदच आहे," बायको म्हणाली. पुढे ती "आत्ताच बटण बंद करून आले" असंही म्हणाली, पण तोवर मायक्रॉनने पेचकस उचलला होता.

जेवणं आटोपून ती मशीनवर बसली, तर समोर सुई नव्हती, आणि सुई जिला लावायची तीही नव्हती.

"अहो, सुई कुठे गेली?"

"त्या वाटीत आहे. बाकीचं कामाला लागलंय," म्हणत त्याने टेबलावरचं यंत्र कौतुकाने दाखवलं.

"सहा वाजता बँडमास्तर येणार आहेत. विसांतले चार कोट राहिलेत, बाह्या जोडायच्यात."

"पण तूच म्हणालीस ना, बंद आहे म्हणून."

"दिवासुद्धा दिवसभर बंद असतो. म्हणून काय तुम्ही त्याची वायर उपटता?"

"काल उपटली," आतून त्याच्या आईने माहिती पुरवली.

मायक्रॉनला खरंच वाईट वाटलं. बायकोची ही पहिलीच मोठी ऑर्डर, आणि ती आपल्या पायी हातची जाणार. अर्ध्या तासात मशीन होतं तसं करून देतो, असा त्याने शब्द दिला. तो पाळलाही असता. पण दांडी परत बसवताना त्याच्या मनात आलं, मापयंत्र हाताशी आहेच (दांडीच्या जागी आता आईची विणायची सुई होती), तर दांडी किती डुगडुगते ते मोजून घ्यावं. ती मिलिमीटरचे तीन शतांश डुगडुगत होती. मशीन बनवणाऱ्यांना ते चाललं होतं, मायक्रॉनला चालेना. त्याने पेच सैल केला, पत्र्याची पातळ पट्टी सरकवली, पुन्हा मोजलं. चार शतांश.

पावणेसहाला तो घामाघूम होऊन उठला.

"एक शतांशावर आणलंय. आमच्या कारखान्यातसुद्धा इतकं कुणी..."

"शिवतंय का?" बायकोने विचारलं.

"शिवून कुठे बघितलंय अजून?"

सासू-सुनेने हातातल्या सुया खाली ठेवल्या. राहिलेल्या साऱ्या बाह्या दोघींनी हातानेच जोडून टाकल्या होत्या.

बँडमास्तर वेळेवर आले. कोट उलटेपालटे केले आणि नेमका त्या चारांतलाच एक उजेडात धरला.

"टीप बघा कशी एकसारखी आलीय. मशीन असावं तर असं."

"यांनीच दुरुस्त केलं आज," बायको म्हणाली. मायक्रॉनला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"असं होय? आमच्या घरचंही मशीन अडून बसलंय. पाठवू का यांच्याकडे? किती वेळ लागतो यांना?"

बायकोने तो कोट परत घडी करून ठेवला.

"आठ बाह्या," ती म्हणाली.