चौदाशे सेडींची डबी

माणसाचं वय जन्मदाखल्यावर लिहिलेलं असतं असा सरकारचा समज आहे, आणि सरकारच्या समजांबद्दल मला आदर आहे. टाकोराडी बंदराच्या अभिलेख कक्षात मी चौतीस वर्षं तेच समज फायलींना लावत होते. पण व्यवहारात बाईचं वय तिला रस्त्यावर कोणती हाक ऐकू येते त्यावर ठरतं. ताई म्हटलं की चाळीस, मावशी म्हटलं की पंचावन्न, आणि आजी म्हटलं की तो दिवस वाया गेला.

आमच्या चर्चच्या भगिनी मंडळात एकतीस सभासद आहेत, सगळ्या पंचावन्नच्या पुढच्या. (नोंदवहीत जन्मतारखेचा रकाना आहे. तो चौघींनी भरला आहे. त्यांतल्या एकीची तारीख तिच्या थोरल्या मुलाच्या जन्मानंतरची आहे.) जानेवारीत उत्तरेकडून धुळीचा कोरडा वारा सुटला की एकतीसही चेहरे तडकतात, आणि मंडळापुढे एकच प्रश्न उरतो: तोंडाला काय लावावं आणि त्यासाठी किती मोजावेत.

मार्केट सर्कलला बारा सेडींत शियाच्या बियांपासून काढलेल्या लोण्याचा मुठीएवढा गोळा मिळतो. त्याच रस्त्यावरच्या काचेच्या दारांच्या दुकानात चौदाशे सेडींना एक डबी मिळते, तिच्यात चमचा जात नाही, करंगळीच घालावी लागते. डबीवर 'प्रगल्भ त्वचेसाठी' असं छापलेलं आहे. त्वचा प्रगल्भ होते हे आम्हाला तेव्हाच कळलं. तोवर आमच्याकडे ती नुसती म्हातारी होत असे.

या दोन टोकांच्या मधे आणखी सतरा क्रीमं आहेत. त्यांतलं कोणतं पैसे वसूल करून देतं हे शोधायला मंडळाने तीन तासांच्या चर्चेअंती एक उपसमिती नेमली. (चर्चेतले अडीच तास एका लग्नातल्या जेवणाबद्दल होते. भात कमी पडला होता.) सहा सदस्य, मी सचिव.

पहिला प्रश्न मोजमापाचा होता. आरसा पहिल्याच बैठकीत बाद झाला, कारण तो लाभार्थीच्याच मालकीचा असतो. मग नवऱ्यांचं मत मागवलं. मंडळात हयात नवरे नऊ. सात जणांनी फुटबॉलवरची नजर न हलवता 'छान' असं सांगितलं. आठव्याने जेवण कधी होणार ते विचारलं. नवव्याने बायकोकडे नीट निरखून पाहिलं, पण त्याच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला तेव्हा आठवडाच झाला होता, आणि तो जे बोलला ते नोंदवू नये अशी त्याच्या पत्नीची लेखी विनंती आहे. बाजारातल्या विक्रेत्याही बाद. त्या वस्तू खपेपर्यंत नव्वदीच्या बाईला ताई म्हणतात, आणि न घेता पुढे गेली तर तिशीतलीलाही आजी.

उरला ट्रोट्रोचा, म्हणजे आमच्या शेअर गाडीचा, कंडक्टर. हा माणूस धावत्या गाडीच्या दारात लटकून दिवसभर रस्त्याकडेच्या बायकांना हाका मारत असतो. गाडी भरायची त्याला घाई, त्यामुळे खुशामतीला वेळ नाही आणि मन राखायची सवय नाही. एवढं निष्पक्ष यंत्र आमच्या बंदरातही नव्हतं. उपसमितीने त्याला एकमताने मान्यता दिली. त्याला हे कळवलेलं नाही.

पद्धत अशी ठरली. प्रत्येकीने डाव्या गालाला चिठ्ठीत आलेलं क्रीम लावायचं, उजव्याला शियाचं लोणी, आणि रोज सकाळी थांब्यावर उभं राहून हाका टिपायच्या. पाच आठवड्यांनी लक्षात आलं की आमच्याकडे गाडी नेहमी डावीकडूनच येते, त्यामुळे उजवा गाल एकाही कंडक्टरने पाहिलेला नाही. तो दाखवायचा तर रस्त्याकडे पाठ करून उभं राहावं लागे, आणि तशा बाईला कुठे जायचं नाही असं समजून गाडी पुढे निघून जाई. (दोन सदस्या या काळात प्रार्थनेला पोचू शकल्या नाहीत.) उजवा गाल प्रयोगातून वगळण्यात आला. डोक्यावर बोचकं असेल तर हाकेत साधारण अकरा वर्षं वाढतात हेही आढळलं, म्हणून बोचकी बंद झाली.

चौदाशेची डबी चिठ्ठीत अराबा बेंटिलला लागली. अराबा कापड विकते. तिचं वय सहासष्ट आहे, आणि हे मी खात्रीने सांगू शकते, कारण पहिलीपासून आम्ही एका बाकावर बसत होतो. उपसमितीत तिच्याइतकं चिकाटीचं कुणी नव्हतं. पण तिचं खरं लक्ष दुसरीकडे होतं. तिच्या कुळातली थोरली गेल्या वर्षी वारली होती आणि जागा रिकामी होती. थोरली म्हणजे कुळातली सर्वांत वडीलधारी बाई. भांडणं ती मिटवते, लग्नाला हो-नाही ती म्हणते, अंत्यविधीला कोणतं कापड नेसायचं ते ती ठरवते, आणि हात टेकायची खुर्ची एकटी तिची असते. अराबाने या खुर्चीची चौदा वर्षं वाट पाहिली होती. त्यासाठी तिने दोन भावजया सहन केल्या, एक दीर सांभाळला, आणि नको त्या प्रत्येक बारशाला गेली. वारसाहक्काने पुढचा नंबर तिचाच होता.

खुर्चीवर बसताना तोंड तडकलेलं नसावं, एवढीच तिची इच्छा होती. मला ती रास्त वाटली.

दुसरी दावेदार तिची चुलत बहीण मान्सा. ही अराबाहून पाच वर्षांनी लहान, पण सेकोंडीला धुराच्या भट्टीवर मासे भाजण्यात तिची चाळीस वर्षं गेली. तिच्या चेहऱ्यावर इतक्या सुरकुत्या आहेत की तिच्यासमोर नवखा माणूस आपोआप टोपी काढतो. मान्साने चेहऱ्याला कधी काही लावलेलं नाही. (तिच्या म्हणण्याप्रमाणे धूर लावला आहे.)

निकाल उत्साहवर्धक होते. पहिल्या आठवड्यात अराबाला सहा वेळा आजी ही हाक आली. सहाव्या आठवड्यात पाच वेळा मावशी. अकराव्या आठवड्यात, मंगळवारी, मी शेजारी बसले असताना कंडक्टर तिला म्हणाला, "ए ताई, उठ जरा, या आजींना बसू दे."

या आजी म्हणजे मान्सा.

अराबा उठली. सेकोंडीपर्यंत ती वरची दांडी धरून उभी होती, आणि आयुष्यात इतक्या आनंदाने उभं राहिलेलं माणूस मी पाहिलेलं नाही. मान्सा बसली, मांडीवर माशांची टोपली घेतली आणि म्हणाली, "बरं झालं बाई, माझे गुडघे दुखत होते." त्या संध्याकाळी उपसमितीने अराबाचं अभिनंदन केलं. पडताळणीसाठी मीही एक डबी घेतली. (स्वखर्चाने. उपसमितीला तेव्हा कळवलं नव्हतं.)

थोरलीची निवड त्यानंतरच्या पाचव्या शनिवारी झाली. कुळाच्या अंगणात साठ माणसं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसली होती, त्यात दोन विधुर. अराबाच्या बाजूची साक्षीदार म्हणून मला बोलावलं होतं. मधोमध हात टेकायची खुर्ची रिकामी ठेवलेली. कुळप्रमुख कोजो बेंटिल यांनी ऐंशी कधी ओलांडली ते त्यांनाही ठाऊक नाही.

"अराबा, इकडे ये गं. उजेडात ये," ते म्हणाले.

ती उजेडात गेली. नवं कापड नेसली होती, आणि चेहरा तेल लावलेल्या तव्यासारखा झळकत होता.

म्हाताऱ्याने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ही तर अजून लेकुरवाळी दिसते. हिला थोरली कशी करायची? उद्या लग्न करून जाईल."

"काका, मी सहासष्टची आहे," अराबा म्हणाली. "मान्साला मी पाठीवर बांधून फिरवलंय."

"फिरवलं असेल कुणीतरी," मान्सा म्हणाली. "मला काय आठवणार, मी पाठीवर झोपले होते."

"कागद आहे का?" म्हाताऱ्याने विचारलं.

"आपल्या घरात कुणाचा कागद आहे, काका? तुमचा तरी आहे का?"

"मला कागद लागत नाही. माझं तोंड बघ."

यावर कुळ हसलं. अराबा हसली नाही. तिने मागे वळून मला शोधलं. "एकुआ, तू सांग यांना. पहिलीपासून आपण एका बाकावर. तुझा तर पेन्शनचा कागद आहे, त्यावर तारीख आहे."

साठ माणसं माझ्याकडे वळली. विधुरही वळले. आदल्याच दिवशी, शुक्रवारी सकाळी, थांब्यावर मला पहिल्यांदा ताई अशी हाक आली होती.

मी उभी राहिले. घसा साफ केला. "शाळेची गोष्ट तशी फार जुनी आहे," मी म्हणाले. "मास्तर एकच होते. बाक लांब असायचे. लहानमोठ्या सगळ्याच मुली एका बाकावर बसायच्या."

यात एकही वाक्य खोटं नाही. चौतीस वर्षांच्या नोकरीत मी जे शिकले ते सगळं त्या चार वाक्यांत आहे.

मान्सा खुर्चीवर बसली. म्हाताऱ्याने पूर्वजांच्या नावाने जमिनीवर दारू ओतली. अराबा येऊन माझ्या शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली. मग तिने माझा चेहरा हातात धरला, उजेडाकडे वळवला आणि नीट पाहिला. "काय छान दिसतेस गं तू हल्ली," ती म्हणाली. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही.

मला लाज वाटली. अजून वाटते. पण ती चेहऱ्यावर अजिबात दिसत नाही, हे क्रीमचं यश मानावं लागेल.

उपसमितीचा निष्कर्ष मी मंडळापुढे वाचला: 'सदर क्रीम परिणामकारक आहे. किंमत चौदाशे सेडी. खुर्ची वेगळी.' सोबत वर लिहिलेली सगळी हकिगतही वाचली, कारण अहवाल अपुरा ठेवायची मला सवय नाही. अराबा गैरहजर होती. उरलेल्या एकोणतीस भगिनींनी उभं राहून माझा निषेध केला. एकीने तर मैत्रीवर बोलताना डोळे पुसले. सभा संपल्यावर त्यांतल्या सव्वीस जणी एकेकट्या येऊन डबीचं नाव विचारून गेल्या. बाकीच्या तिघींकडे ती आधीपासून आहे.

नाव सांगायला मी कुणालाच नकार दिलेला नाही. अट फक्त एक ठेवली आहे: विचारणारीने आपलं खरं वय चारचौघांत, मोठ्याने सांगायचं. याला चार महिने झाले. नाव अजून एकीलाही सांगावं लागलेलं नाही.

तुम्हीही एव्हाना मला मनातल्या मनात नावं ठेवली असतील. ती योग्यच आहेत. डबीचं नाव तुम्हालाही हवं असेल, तेही समजू शकते, आणि अट तीच आहे. आहात तिथेच बसून सांगा, फक्त शेजारच्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे. (शेजारी कुणी नसेल तर कुणी येईपर्यंत थांबावं.) मला घाई नाही.