वधू पाहिजे, संपादक मिळाले

"मुलाला स्वयंपाक येतो का हो?" फोनवरच्या बाईंनी नमस्कार-चमत्काराच्या भानगडीत न पडता विचारलं.

संपादक गोंधळले. परदेशात त्यांची उमर गेली होती. बायको गेल्यापासून तिथल्या मराठी माणसांसाठीचं मासिक ते एकटेच काढत. लेख जुळवणं, मुद्रितं तपासणं, पाकिटं चिकटवणं, सगळं जेवणाच्या टेबलावर. अंक एकदा टपालात पडला की घर असं गप्प होई, की फ्रीजची घरघर हीच काय ती सोबत.

"कोणता मुलगा?"

"तुमच्या अंकातला. 'वधू पाहिजे'."

संपादकांनी अंक उघडला. इंजिनिअर मुलाच्या जाहिरातीखाली त्याच्या आईऐवजी त्यांचाच नंबर होता. तपासताना तो ओळखीचा वाटला, म्हणजे बरोबरच असणार, असं समजून ते पुढे गेले होते.

"चूक झाली बाई. पण संपादकीय कसं वाटलं?"

"ते पण असतं का त्यात?"

त्यानंतर फोन थांबेचना. खरा नंबर ते द्यायला निघत, पण तेवढ्यात समोरची आई मुलीचं शिक्षण, स्वतःचे गुडघे आणि नवऱ्याचं घोरणं इथवर पोचलेली असे. मग "दूध उतू गेलं, ठेवते" म्हणून फोन बंद. हळूहळू संपादकही नंबराची घाई करेनासे झाले. सकाळी दाढी करून फोनजवळ बसू लागले.

अखेर मुलाच्या आईचा फोन आला. "एकही स्थळ नाही आलं. माझ्या मुलात काय खोट आहे?"

संपादकांनी कान पकडून चूक कबूल केली.

"मग इतके दिवस तुम्ही त्या लोकांशी बोलता तरी काय?"

"एक दातांची डॉक्टर आहे," ते चाचरत म्हणाले. "आईशी कडाकडा भांडते, आणि भांडण संपलं की दोघींचा चहा स्वतःच टाकते. तुमच्याकडे खपेल असं वाटतं."

पलीकडे कागद-पेन शोधल्याची खुडबुड ऐकू आली. मग मुलाच्या आईने डॉक्टरच्या आईचा नंबर मागितला.

पुढच्या अंकाची तयारी चालू असताना मुलाच्या आईचा पुन्हा फोन आला. लग्न ठरलं होतं.

"अभिनंदन," संपादक म्हणाले. आवाज जरा पडलाच. "तुमच्या नंबराची दुरुस्ती छापतोय या अंकात."

"ती राहू द्या. धाकट्याची जाहिरात घ्या."

"सांगा नंबर."

"तुमचाच घाला."

संपादकांनी लिहायला घेतलेलं पेन खाली ठेवलं आणि खुर्ची फोनजवळ ओढली.

"धाकटा स्वभावाने कसा आहे?" त्यांनी विचारलं. "सावकाश सांगा, मला काही घाई नाही."