सहा बटणं, पाच काजं

इमारतीच्या अध्यक्षपदाला उभे राहिलेल्या शिंपीकाकांनी आपल्याच विरोधातला व्हिडिओ आपल्याच हाताने चार ग्रुपवर पाठवला. वर ‘जरूर पहा’ असं लिहून. स्वतः मात्र पाहिला नव्हता. आलेलं पुढे ढकलायचं, एवढाच त्यांचा मोबाइलशी संबंध.

व्हिडिओत काका हसतमुखाने सांगत होते, “निवडून आलो की लिफ्ट कायमची बंद. जिने चढा, निरोगी राहा!”

पाचव्या मजल्यावरच्या आजी तडक खाली आल्या. अर्थात लिफ्टनेच.

“मेल्या, माझ्या गुडघ्यांवर उठलास होय रे?”

“आजी, मी असं बोललोच नाही!”

“अरे, तूच तर पाठवलंस!”

काकू म्हणाल्या, “हल्ली कॉम्प्युटर कुणालाही काहीही बोलायला लावतो म्हणे.” पण पटवणार कुणाला? “तोंड तुमचं, आवाज तुमचा, पाठवलात तुम्ही, आणि नाव कॉम्प्युटरचं?” असं जो तो म्हणे. दोन दिवसांत काकांच्या बाजूने सूचक आणि अनुमोदक एवढेच उरले. त्यातला अनुमोदक तोंड चुकवायला जिन्याने ये-जा करू लागला.

रविवारी मतदानाआधी प्रतिस्पर्धी औषधवाल्यांनी सभागृहाच्या भिंतीवर तो व्हिडिओ मुद्दाम मोठा करून दाखवला. काकांनी पहिल्यांदाच पाहिला आणि ते ताडकन उठले.

“थांबवा! हा शर्ट कुणी शिवलाय?”

“काका, लिफ्टचं बोला.”

“लिफ्ट गेली खड्ड्यात! बटणं सहा आणि काजं पाच? खिसा काखेत? कॉलरचा एक कान वर, एक खाली! चाळीस वर्षं शिवतोय मी. हे असलं घालून चारचौघांत येईन?”

सगळ्यांनी नकळत आपापली बटणं चाचपली. बहुतेकांचे शर्ट काकांच्याच हातचे. सहाला सहा.

आजी उठल्या. “हा एक वेळ लिफ्ट बंद करील, पण असला शर्ट नाही घालायचा. व्हिडिओ खोटा!”

काका बेचाळीस विरुद्ध तीन मतांनी निवडून आले. व्हिडिओ कुणी केला ते शेवटपर्यंत कळलं नाही. सोमवारी औषधवाले निमूटपणे शर्टाचं माप द्यायला आले, एवढंच.

आता काका काहीही पुढे पाठवण्याआधी पाहतात. सगळ्या इमारतीलाच ती सवय लागली आहे. कोणत्याही पुढाऱ्याचं भाषण आलं, की आधी बटणं आणि काजं मोजायची. या कसोटीवर दोन-तीन पुढाऱ्यांची खरी भाषणंही खोटी ठरली.

अजून कुणाची तक्रार आलेली नाही.